बोर्मिओ 1987: बारापैकी अकरा, आणि त्यानंतरचा सामना

युगोस्लाव्हियाच्या टोनी कुकोचने त्या दिवशी बास्केटबॉलच्या मैदानावर तीन गुणांच्या रेषेबाहेरून बारा वेळा चेंडू उडवला आणि अकरा वेळा तो जाळीतून खाली आला. वय अठरा, डावखुरा, अंगाने काडी, उंची सात फुटांना थोडीच कमी. समोर अमेरिकेचा संघ. निकाल युगोस्लाव्हिया 110, अमेरिका 95. त्या 110 मधले 37 गुण एकट्या कुकोचचे.

ही बास्केटबॉलमधली ज्युनियर मुलांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, आज जिला 19 वर्षांखालील विश्वचषक म्हणतात तीच. तोवर ती दोनदा झाली होती, 1979 मध्ये ब्राझीलला आणि 1983 मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर, आणि दोन्ही वेळा अमेरिका जिंकली होती. तिसरी 1987 च्या उन्हाळ्यात इटलीतल्या बोर्मिओला भरली. गटातल्या त्या सामन्यानंतर काही दिवसांनी हेच दोन संघ अंतिम फेरीत पुन्हा समोरासमोर आले आणि युगोस्लाव्हियाने तोही सामना 86-76 असा घेतला. स्पर्धेत एकही सामना न हरता.

बोर्मिओचं नाव निघालं की लोक पहिल्या सामन्याबद्दल बोलतात. साहजिक आहे, बारापैकी अकरा हा आकडा विसरता येत नाही. पण मुलांना खेळ शिकवणाऱ्या कुणासमोर मी हे प्रकरण ठेवतो तेव्हा पहिला सामना लवकर बाजूला सारतो. तो पाहायला सुंदर आहे, पण पुरावा म्हणून कच्चा. युगोस्लाव्हिया खरोखर वरचढ होती का, याचं उत्तर त्या दुसऱ्या, कमी गाजलेल्या सामन्यात आहे.

आधी थोडी आकडेमोड

बारा फटक्यांत अकरा म्हणजे 33 गुण. एका फटक्यामागे पावणेतीन. बाहेरून चांगला मारणारा खेळाडू बारापैकी चार-पाच घालतो, म्हणजे बारा ते पंधरा गुण. कुकोचने त्या दिवशी आपल्या संघाला या हिशेबापेक्षा अठरा ते एकवीस गुण जास्त दिले. आणि सामन्यातला फरक किती? पंधरा.

म्हणजे कुकोचचा तो दिवस साधा असता तर सामना कुठेही जाऊ शकला असता. अमेरिकेच्या बाकावर बसलेल्या कुणालाही त्या रात्री असंच वाटलं असेल की पोरगं पेटलं होतं, असं रोज होत नाही, पुढच्या वेळी त्याला रेषेबाहेर श्वास घेऊ द्यायचा नाही, बस्स. हा विचार चुकीचा नव्हता. आकडे त्याच्याच बाजूने आहेत. घोळ पुढे झाला, तिथे नंतर येतो.

गाव

बोर्मिओ म्हणजे आल्प्समधलं, वाल्तेलिना खोऱ्याच्या वरच्या टोकाचं गाव, समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरवर. दोनच वर्षांपूर्वी, 1985 मध्ये, तिथे स्कीइंगची जागतिक स्पर्धा झालेली. बास्केटबॉलशी तसा गावाचा काही संबंध नाही. 1987 चा जुलै या खोऱ्याला भयंकर गेला. महिन्याच्या मध्याला पुराने थैमान घातलं आणि 28 जुलैला बोर्मिओच्या खालच्या अंगाला वाल पोला इथे डोंगराचा कडाच सुटून आला. सांत अंतोनिओ मोरिन्योने हे गाव त्याच्याखाली गेलं, माणसं मेली. इटलीत आजही ‘वाल्तेलिना, 1987’ म्हटलं की लोकांना हेच आठवतं. त्याच दिवसांत आणि त्याच खोऱ्यात पोरं चेंडूमागे धावत होती, हे खेळाच्या आठवणींत सहसा सांगितलं जात नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

मैदान एकच, खेळ दोन

अमेरिकी मुलांना तीन गुणांचा फटका माहीतच नव्हता असं काही जण सांगतात. तसं नाही. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, ही रेषा 1979 पासून होती. कॉलेजच्या खेळात ती 1986-87 च्या हंगामात आली आणि पहिल्याच वर्षी तिने धुमाकूळ घातला. त्याच मार्चमध्ये कॉलेज अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात इंडियानाच्या स्टीव्ह अल्फर्डने बाहेरून दहापैकी सात घातले होते. गंमत म्हणजे त्याच्या प्रशिक्षकाला, बॉब नाइटला, हा नियमच मान्य नव्हता.

फरक दुसरीकडे होता. फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, ही रेषा 1984 मध्येच आणली होती, तीही सव्वासहा मीटरवर. अमेरिकी कॉलेजची रेषा सहा मीटरच्या जेमतेम पुढे. कुकोचच्या पिढीची मुलं सोळाव्या-सतराव्या वर्षापासून त्या लांबच्या रेषेवर वाढली होती. अमेरिकी मुलांच्या अंगवळणी जवळची रेषा पडत होती, तीही एकाच हंगामापुरती.

शिवाय घड्याळ. फिबाच्या नियमांत हल्ला तीस सेकंदांत संपवायचा, अमेरिकी कॉलेजात तेव्हा पंचेचाळीस सेकंद मिळत. पंधरा सेकंद कमी म्हणजे ठरवून, फिरवून, आत पोचवून खेळायला वेळ तुटपुंजा. जो संघ चेंडू हातात येताच निर्णय घेतो त्याचं फावतं.

सगळ्यांत मोठा फरक मात्र रिंगखालच्या जागेचा. तेव्हा फिबाच्या मैदानात ही जागा खाली रुंद आणि वर निमुळती होत जाणारी, समलंब आकाराची होती. अमेरिकेत ती अरुंद सरळ आयत. हल्ला करणाऱ्याला त्या जागेत तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. मग अमेरिकेतला उंच, दणकट सेंटर, जो रिंगला पाठ लावून अगदी जवळ उभा राहतो, त्याला इथे दोन-तीन पावलं बाहेर उभं राहावं लागतं. तिथून नुसत्या ताकदीने काम होत नाही. पास देता यावा लागतो, वळून मारता यावं लागतं. युरोपातले उंच खेळाडू पास देणारे आणि लांबून मारणारे का निघाले, याच्या कारणांत हा मैदानावरचा आकारही धरायला हवा. बाकी प्रशिक्षण वगैरे आहेच.

आता कुकोचकडे पुन्हा बघा. अल्फर्ड हा सव्वासहा फुटांच्या आतबाहेरचा गार्ड, म्हणजे रिंगपासून लांब राहून चेंडू खेळवणारा, तुलनेने बुटका खेळाडू. बाहेरून मारणारा गार्ड कुठल्याही अमेरिकी प्रशिक्षकाला ओळखीचा, त्याच्यावर तितक्याच उंचीचा गार्ड सोडायचा. पण जवळजवळ सात फुटी पोरगा सव्वासहा मीटरवरून मारायला लागला तर कोणाला पाठवायचं? गार्ड पाठवला तर हात पोचत नाही. उंच माणूस पाठवला तर तो रिंगपासून दूर ओढला जातो आणि आतलं घर उघडं पडतं. 1987 मध्ये या प्रश्नाचं तयार उत्तर फारसं कुणाकडे नव्हतं. आज असा खेळाडू प्रत्येक मोठ्या संघात दिसतो.

ही ‘पोरं’ कोण होती

अमेरिकेचा संघ कच्चा होता असं म्हणायची सोय नाही. गॅरी पेटन, लॅरी जॉन्सन, स्टेसी ऑगमन, लायोनेल सिमन्स: हे चौघंही पुढे एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्या दहांत गेले. जॉन्सन 1991 मध्ये पहिला, पेटन 1990 मध्ये दुसरा. प्रशिक्षक लॅरी ब्राउन, जो पुढच्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठाला कॉलेज अजिंक्यपद मिळवून देणार होता. पण हा संघ उन्हाळ्यात निवडून, काही आठवडे एकत्र ठेवून पाठवलेला. वेगवेगळ्या कॉलेजांचे, वेगवेगळ्या पद्धतींचे खेळाडू.

आपल्याकडच्या एका जिल्हा संघाचं शिबिर मी जवळून पाहिलं आहे. निवड झाली, दहा दिवस सराव, मग रात्रीची गाडी. कुणाला चेंडू उजव्या हाताला हवा आणि कुणाला डाव्या, हे कळेपर्यंत स्पर्धा संपलेली असते. अमेरिकेचं शिबिर नक्कीच याहून बरं असणार, पण दुखणं त्याच जातीचं.

समोरचा संघ वेगळ्या मुशीतला होता. स्प्लिटच्या युगोप्लास्तिका क्लबचे कुकोच आणि दिनो राजा. (हे आडनाव आहे, आपला राजा नव्हे, उच्चार मात्र तसाच.) बेलग्रेडच्या पार्टिझानचे व्लादे दिवात्स आणि अलेक्सांदर जोर्जेविच. त्याच शहरातल्या रेड स्टारचा नेबोयशा इलिच. बोस्नियातले सामिर आवदिच आणि तेओमान अलिबेगोविच. आणि प्रशिक्षक स्वेतिस्लाव पेशिच, जो स्वतः साराएवोच्या बोस्ना क्लबकडून 1979 चा युरोपियन चषक जिंकलेला खेळाडू.

या गाभ्यातली मुलं 1985 मध्ये युरोपची कॅडेट (ज्युनियरच्या खालचा वयोगट) स्पर्धा बल्गेरियात जिंकून आली होती आणि 1986 मध्ये युरोपची ज्युनियर स्पर्धा ऑस्ट्रियात. बोर्मिओ हा तिसरा उन्हाळा. क्लबात एकमेकांविरुद्ध खेळायचं, भांडायचं, आणि उन्हाळ्यात एका संघात यायचं, हा त्यांचा वर्षाचा नेम झाला होता. राष्ट्रीय संघाची खेळायची पद्धत कॅडेटपासून मोठ्यांपर्यंत बरीचशी सारखी, त्यामुळे वरच्या गटात गेलेल्या मुलाला नवं शिकण्याआधी जुनं विसरावं लागत नसे.

आणखी एक गोष्ट कथेत क्वचितच येते. बोर्मिओच्या जेमतेम सहा-सात आठवडे आधी, जून 1987 मध्ये, अथेन्सला मोठ्यांची युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा झाली. युगोस्लाव्हियाला तिथे कांस्य मिळालं. त्या संघात द्राझेन पेत्रोविचच्या जोडीला कुकोच, राजा, दिवात्स आणि जोर्जेविच, चौघंही होते. प्रशिक्षक क्रेशिमिर चोसिचने मुद्दाम पोरांना संधी दिली होती. म्हणजे ज्यांना आपण ज्युनियर म्हणतो आहोत ते मोठ्यांच्या युरोपात पदक घेऊन डोंगरावर आले होते. त्यांच्यासमोर पेटन कॉलेजचं पहिलं वर्ष संपवलेला, आणि जॉन्सन नुकताच शाळेतून बाहेर पडलेला.

माद्रिद

याच्याही एक वर्ष आधीचा प्रसंग सांगितल्याशिवाय दिवात्स कळत नाही.

1986, माद्रिद, मोठ्यांची जागतिक स्पर्धा, उपांत्य सामना, सोव्हिएत युनियनविरुद्ध. शेवटचं मिनिटही उरलं नव्हतं आणि युगोस्लाव्हिया नऊ गुणांनी पुढे होती. बास्केटबॉलमध्ये इथे लोक बॅगा भरायला लागतात. सोव्हिएत संघाने एकामागून एक तीन थ्री-पॉइंटर घातले. त्या गोंधळात अठरा वर्षांच्या दिवात्सने ड्रिबल (चेंडू आपटत पुढे नेणं) थांबवून पुन्हा सुरू केला, जे नियमात बसत नाही, पंचांनी शिट्टी वाजवली आणि चेंडू गेला. बरोबरी झाली. जादा वेळेत युगोस्लाव्हिया 91-90 अशी हरली. एका गुणाने.

तीन गुणांच्या रेषेने काय होऊ शकतं, हे त्या पोराला वयाच्या अठराव्या वर्षी असं कळलं. त्याचा बोर्मिओवर नेमका किती परिणाम झाला हे मोजता येणार नाही आणि मी ते ओढूनताणून जोडणारही नाही. एवढंच म्हणतो की अंतिम सामन्यात अमेरिकेसमोर उभं राहणं ही दिवात्सच्या आयुष्यातली सगळ्यांत अवघड संध्याकाळ नव्हती. ती होऊन गेली होती.

दुसरा सामना

अंतिम सामन्यात अमेरिकेने करायला हवं तेच केलं. कुकोचला मोकळा चेंडू मिळू द्यायचा नाही, रेषेबाहेर त्याच्या अंगाला चिकटून राहायचं. आणि ते बऱ्यापैकी साधलंही. पहिल्या सामन्यासारखा पाऊस या वेळी पडला नाही.

मग गुणांचा भार दिवात्स आणि राजाने उचलला, तोही आतून.

कबड्डी पाहणाऱ्याला हे लगेच समजेल. समोरच्या संघाचे सगळे गुण एकाच चढाईपटूचे असतील तर त्याला बाकावर बसवा, सामना हातात येतो. पण त्याला धरायला कोपरे आत ओढले आणि बोनसची रेषा दुसऱ्यासाठी मोकळी राहिली, तर तुम्ही एक गुण वाचवून दोन घालवता. कुकोचवर बचावाचं लक्ष जितकं जास्त, तितकी रिंगखाली गर्दी कमी. आणि तिथे दोन असे उंच खेळाडू की ज्यांना त्या रुंद समलंब जागेच्या कडेवर चेंडू मिळाला तरी चालतं. दिवात्सला तिथून पास दिसतो. राजाला वळून मारता येतं. चेंडू आत गेला, बचाव आत धावला, की चेंडू पुन्हा बाहेर. तीस सेकंदांच्या घड्याळात हा खेळ पुरून उरतो.

आता तो घोळ. अमेरिकेने पहिल्या सामन्यातून धडा घेतला तो कुकोचबद्दल, आणि तो नशिबाबद्दलचा धडा म्हणून बरोबरच होता. पण बारापैकी अकरा फटके मारायला कुकोच मोकळा का राहत होता? एकदा-दोनदा बचावाच्या आळसाने राहील. बारा वेळा नाही राहत. तो मोकळा राहत होता कारण आत दोन माणसं अशी उभी होती ज्यांना सोडता येत नव्हतं. फटके आत जाणं हा योग असेल, मोकळं मिळणं हा योग नव्हता. अंतिम सामन्यात अमेरिकेने योगाचा भाग बंद केला आणि उरलेल्या भागाने त्यांना दहा गुणांनी हरवलं.

म्हणून मी पंधरा गुणांच्या विजयापेक्षा दहा गुणांचा विजय मोठा मानतो. पहिल्यात सर्वोत्तम खेळाडू आयुष्यातला सर्वोत्तम दिवस खेळला. दुसऱ्यात त्याला बांधून ठेवलं होतं, तरीही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे विरुद्ध पारड्यात टाकायला हवी. राजा त्या एप्रिलमध्येच वीस पूर्ण झालेला, जॉन्सन मार्चमध्ये अठरा. या वयात दोन वर्षं म्हणजे खांदे आणि पाठ यांच्यात बराच फरक, विशेषतः रिंगखाली. एकत्र वाढलेल्या संघाचं कौतुक करताना लोक हे विसरतात. आणि कौतुक ओसरल्यावर दुसराही आकडा बघावा. बास्केटबॉलमधल्या थोरांचा सन्मान करणाऱ्या अमेरिकेतल्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये बोर्मिओच्या युगोस्लाव्ह संघातले तीन खेळाडू आहेत: राजा 2018 मध्ये, दिवात्स 2019 मध्ये, कुकोच 2021 मध्ये. मी वर नावं घेतलेल्या चार अमेरिकी खेळाडूंपैकी एकच, पेटन. तेव्हा ज्याला सगळे धक्का म्हणाले तो मागे वळून पाहताना तितका धक्का वाटत नाही. नुसती एकी असून भागत नाही, माणसंही तशी लागतात. पेशिचकडे दोन्ही होतं.

त्यानंतर

त्याच वर्षीचा ऑगस्ट संपायच्या आत, 23 तारखेला, इंडियानापोलिसमध्ये पॅन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने अमेरिकेच्या कॉलेज संघाला त्यांच्याच घरी 120-115 असं हरवलं. ऑस्कर श्मिटचे 46 गुण, आणि पुन्हा बाहेरूनच भडिमार. पुढच्या वर्षी सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत युनियनकडून हार, अमेरिकेला कांस्य. रौप्य युगोस्लाव्हियाला, कुकोच, राजा, दिवात्स संघात.

इथून लोक थेट 1992 च्या ड्रीम टीमवर उडी मारतात. हरून हरून चिडलेल्या अमेरिकेने शेवटी व्यावसायिक खेळाडू उतरवले, अशी ती गोष्ट. ऐकायला गोळीबंद. पण एप्रिल 1989 मध्ये म्युनिकला फिबाच्या सभेत एनबीएच्या खेळाडूंना दार उघडायचा ठराव 56 विरुद्ध 13 मतांनी मंजूर झाला तेव्हा अमेरिकेच्या महासंघाचं मत विरोधात पडलं होतं. ठरावामागे वर्षानुवर्षं रेटा लावणारा माणूस होता फिबाचा सरचिटणीस बोरिस्लाव स्टँकोविच, बेलग्रेडचा. ज्यांच्या पोरांनी अमेरिकेला हरवलं त्यांच्यातल्याच एकाला अमेरिकेचे सगळ्यांत भारी खेळाडू समोर हवे होते. याला मी खेळाडूवृत्ती म्हणत नाही, बाजाराचीही जाण त्याला चांगली होती.

बोर्मिओच्या पोरांचं पुढे झपाट्याने घडलं. युगोप्लास्तिका 1989, 1990 आणि 1991 असे सलग तीनदा युरोपचे क्लब विजेते. 1990 मध्ये ब्युनोस आयर्सला युगोस्लाव्हिया मोठ्यांची जगज्जेती, उपांत्य सामन्यात अमेरिका 99-91 अशी बाद, आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू कुकोच. जून 1991 मध्ये रोमला युरोपचं सुवर्ण, चौघंही संघात. ती स्पर्धा चालू असतानाच स्लोव्हेनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि त्यांचा युरे झ्दोव्त्स सरकारच्या सांगण्यावरून संघ सोडून निघून गेला. सुवर्ण घेतलेला देश काही महिन्यांत उरला नाही.

1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये कुकोच आणि राजा क्रोएशियाकडून खेळले आणि रौप्य घेऊन आले. दिवात्स आणि जोर्जेविच यांच्या देशावर, म्हणजे सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो मिळून उरलेल्या नव्या युगोस्लाव्हियावर, संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध, सांघिक खेळांना बंदी, ते घरी. 1995 मध्ये अथेन्सला युरोपच्या अंतिम सामन्यात जोर्जेविचने लिथुआनियाला 41 गुण मारले, बाहेरून बारापैकी नऊ. सुवर्ण नव्या युगोस्लाव्हियाला, कांस्य क्रोएशियाला. पदकं देताना क्रोएशियाचा संघ व्यासपीठावरून उतरून निघून गेला. त्या संघात कुकोच होता, राजा होता. वरच्या पायरीवर जाणाऱ्यांत दिवात्स आणि जोर्जेविच. ज्या चौघांनी पोरवयातले उन्हाळे एकाच पद्धतीचा पास शिकण्यात घालवले ते आठ वर्षांनी एका व्यासपीठावर एकत्र उभे राहू शकले नाहीत. यावर अधिक लिहिणं मला जमत नाही.

पेशिच मात्र बोर्मिओनंतर लगेच जर्मनीला गेला, त्यांच्या राष्ट्रीय संघाकडे. 1993 मध्ये म्युनिकला जर्मनीने रशियाला 71-70 असं हरवून युरोपचं अजिंक्यपद मिळवलं, ज्यावर खुद्द जर्मनांचाही विश्वास बसला नाही. 2002 मध्ये तो युगोस्लाव्हियाचा प्रशिक्षक म्हणून जागतिक स्पर्धेला इंडियानापोलिसला आला. संघात चौतीस वर्षांचा दिवात्स. उपांत्यपूर्व सामन्यात समोर अमेरिका, आता एनबीएच्या खेळाडूंसह. 81-78, पेशिच जिंकला. पुढे अर्जेंटिनाला जादा वेळेत हरवून सुवर्णही घेतलं.

ज्युनियरांच्या त्याच विश्वचषकात 2007 मध्ये पुन्हा असंच घडलं. नोव्ही सादला सर्बियाने अंतिम सामन्यात अमेरिकेला 74-69 असं हरवलं. हरलेल्या संघात डेव्हिडसन कॉलेजचा एक हडकुळा गार्ड होता, स्टीफन करी.

आणि 8 ऑगस्ट 2024, पॅरिस, ऑलिंपिकचा उपांत्य सामना. सर्बियाच्या बाकावर पंच्याहत्तरीला आलेला पेशिच. अमेरिकेच्या बाकावर स्टीव्ह कर, जो 1986 च्या माद्रिदमध्ये अमेरिकेकडून खेळताना गुडघा मोडून घेऊन गेला होता आणि नंतर शिकागोत पाच हंगाम कुकोचबरोबर एका संघात होता. सर्बिया एका टप्प्यावर सतरा गुणांनी पुढे होती. शेवट अमेरिका 95, सर्बिया 91. करीचे 36 गुण, बाहेरून चौदापैकी नऊ.